‘कर्नलमध्ये नुसते आकडे लिहा’ म्हणे!

भाच्याने परवा त्याचा पहिलावहिला ड्रायव्हर दाखवला, म्हणजे लिनक्सच्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) एखादं डिव्हाइस चालवता यावं म्हणून लिहिलेला कोड. रीसेटनंतर डिव्हाइसला वेळ द्यायचा, तिथे नुसतं १०. एचझेड (सेकंदाला टायमरचे किती टिक, हे सांगणारं नाव) कुठे गेलं विचारलं, तर त्याने मोबाइल पुढे केला. कॉलेजच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: आकड्यांना नावं दिल्याने कर्नल मंदावतो, आकडेच लिहा, बदलायचे झाले तर फाइंड-रिप्लेस आहेच, आणि खुद्द लिनक्सही मॅजिक नंबर (कोडमध्ये थेट लिहिलेले आकडे) वापरतं. हा मेसेज मी आधी दोनदा वाचून सोडून दिला होता. आता तो घरात आलाय.

मंदावतो कसा? डिफाइन केलेल्या नावाच्या जागी प्रीप्रोसेसरच, म्हणजे कंपाइल व्हायच्या आधीची पायरीच, आकडा घालते. चालणाऱ्या कर्नलमध्ये ते नाव उरतच नाही.

फाइंड-रिप्लेसचा सल्ला मात्र घातक आहे. शोधणार काय, १०? एका ओळीत ते टिक असतात, दुसरीत रांगेची लांबी, तिसरीत रजिस्टरचा ऑफसेट. यातलं कुठलं बदलायचं हे एडिटरला कसं कळणार? आणि बदलायची वेळ खरंच येते. एचझेडचंच बघा. ‘टाइम’च्या मॅन पेजवर (लिनक्सच्या माहितीपानावर), सातव्या विभागात, आय३८६ (इंटेलच्या ३२-बिट प्रोसेसर) साठी स्पष्ट दिलंय: लिनक्स २.४ पर्यंत १००, २.६.० पासून १०००, आणि २.६.१३ पासून कॉन्फिगरेशनमध्ये निवडायचं, डिफॉल्ट २५०. म्हणजे ‘१० टिक थांब’ हे आधी १०० मिलिसेकंद होतं, मग १० झालं, मग ४०. ओळ तीच, कंपायलरची तक्रार नाही, आणि डिव्हाइस तयार व्हायच्या आत ड्रायव्हर त्याच्याशी बोलायला लागतो. कधी चालतं, कधी नाही. असला बग शोधण्यात रात्री जातात. एचझेड भागिले १० लिहिलेलं तिन्ही वेळा बरोबर राहतं.

लिनक्समधले मॅजिक नंबर म्हणाल, तर मशीन रीबूट करायला सांगणाऱ्या कॉलला ६७२२७४७९३ दिला जातो. हेक्समध्ये (सोळाच्या पायात) तो २८१२१९६९, म्हणजे २८-१२-१९६९, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची जन्मतारीख. पण त्यालाही ‘लिनक्स_रीबूट_मॅजिक२’ हे नाव आहेच की!

एक मान्य करावं लागेल. फाइलच्या परवानग्यांसाठी ‘एस_आयआरयूजीओ’ (सगळ्यांना वाचायची परवानगी) ऐवजी सरळ ०४४४ लिहा, असं कर्नलचा कोड तपासणारं चेकपॅचच सांगतं. कारण तो ऑक्टल (आठच्या पायातला) आकडा युनिक्सवाल्यांना नावापेक्षा पटकन वाचता येतो. डिव्हाइसच्या रीसेटचा १० तसा कुणाला वाचता येतो?

भाच्याला डेटाशीट उघडायला लावलं. तिथे १०० मिलिसेकंद दिलेत. आता ड्रायव्हरच्या सुरुवातीला ‘रीसेट_वेट_एमएस’ १०० असं डिफाइन आहे, आणि खाली एमस्लीपला (दिलेले मिलिसेकंद थांबणाऱ्या फंक्शनला) तेच नाव दिलंय.