होळी घरांपासून लांब रचा

पोरांच्या टिमक्या वाजू लागल्या आणि आमच्या गल्लीत जुना वाद परत सुरू झाला. होळी घरांना खेटून रचायची की नाही? माझं मत सरळ सांगतो. होळी व्हायलाच हवी, पण कुणाच्या दारात नको.

बेळगाव, शहापूर, वडगावच्या जुन्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणा. समोरासमोर घरं, लाकडी माडी, वर मंगळुरी कौलं, मध्ये रिक्षा जेमतेम जाईल एवढी वाट. एरंडाची फांदी, शेणी आणि थोडी लाकडं, एवढ्यावरही होळी होते. पण हल्ली झावळ्या, मोडकी दारं, खोकी, कुठेकुठे टायरसुद्धा टाकतात. सुकी झावळी पेटली की जळते तुकडे वर उडतात. संध्याकाळचा वारा असतोच. एखादा तुकडा कौलांच्या फटीत गेला तर खाली माडीचं लाकूडच आहे. डोक्यावर विजेच्या वायरी, आणि आता बऱ्याच घरांच्या भिंतीला पाइप गॅसचे मीटरही आलेत.

गेल्या होळीला समोरच्या आज्जींकडे गेलो. त्यांना दमा. दारं-खिडक्या बंद, उंबऱ्याशी ओलं पोतं, हातात पंप. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्यांच्या वीजमीटरच्या पेटीचं झाकण वितळून लोंबत होतं. होळीला पहिला नैवेद्य मात्र त्यांच्याच घरून आला होता.

यावर बोललं की लगेच ऐकावं लागतं, "आमचेच सण दिसतात होय तुम्हाला?" ही चीड मला कळते. १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून सीमाभागातला मराठी माणूस साध्या मराठी पाटीसाठीही झगडतोय. सणाला कुणी हात लावला की जीव कळवळतो. पण या आज्जी बाहेरच्या आहेत का? आयुष्य याच गल्लीत गेलं त्यांचं. त्यांना सणाच्या विरोधात काढणं मला अजिबात पटत नाही.

पंचांना आणि मंडळाच्या पोरांना कळकळीची विनंती आहे. लाकडं गोळा करायच्या आधीच बसून ठरवा. दोन-तीन गल्ल्यांची मिळून मोकळ्या जागेत एकच होळी करा, नैवेद्य तिथेही नेता येतो. जागाच नसेल तर चौकात लहान रचा, वर वायर नको, टायर तर नकोच. पाण्याची पिंपं भरून ठेवा आणि बंब आत येईल एवढी वाट गाड्या काढून मोकळी करा. आमच्या घरची दोन पिंपं न्या.

रविवारी संध्याकाळी देवळात बैठक आहे. मी हे तिथेही मांडणार आहे. पटत असेल त्यांनी या, आणि घरातल्या बायकांनाही घेऊन या.