‘०.३ टक्के’चा हवाला इथे चालत नाही

“हेम्पपासून काढलेलं सीबीडी तेल भारतात शंभर टक्के कायदेशीर आहे. टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असलं की झालं. एफएसएसएआयची परवानगी आहे, संयुक्त राष्ट्रांनीही भांग ड्रग्जच्या यादीतून काढली. पत्रकार उगाच घाबरवतात.” हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. (टीएचसी हा भांगेच्या झाडातला नशा आणणारा घटक, सीबीडी हा नशा न आणणारा. टीएचसी अगदी कमी असलेलं भांगेचं झाड म्हणजे हेम्प. एफएसएसएआय ही आपली अन्नसुरक्षा नियामक संस्था.) त्यात खरं-खोटं इतकं बेमालूम मिसळलंय की एकेक मुद्दा सुटा करूनच बघावा लागेल.

आधी ते ०.३ टक्के. हा आकडा अमेरिकेतला. तिथे २० डिसेंबर २०१८ रोजी सही झालेल्या शेतीविषयक कायद्याने ही मर्यादा घालून हेम्पला गांजापासून वेगळं काढलं. पण त्याच दिवशी तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध नियामक संस्थेने, जाहीर केलं, की खाद्यपदार्थ किंवा पूरक आहार म्हणून सीबीडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकणं बेकायदाच आहे. म्हणजे तिथेही ‘झालं’ असं झालेलं नाही.

आपला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा १९८५चा. तो टक्के विचारत नाही, झाडाचा भाग विचारतो. राळ म्हणजे चरस, फुला-फळांचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांपासून वेगळी असलेली पानं आणि बिया तेवढ्या व्याख्येबाहेर. अमेरिकेत सीबीडी काढतात ते मुख्यतः फुलांपासून. तेव्हा तिकडून येणाऱ्या भाच्याला ‘येताना गुडघ्यासाठी ती बाटली आण’ असं सांगणाऱ्यांनी लेबलावरच्या टक्केवारीवर विसंबू नये. उत्तराखंडात ०.३ची अट आहे, पण ती धागा आणि बियांसाठी परवाना घेऊन केलेल्या शेतीला. बाटलीला नव्हे.

मग पानांचं तेल तरी मोकळं? तेही नाही. पान, म्हणजेच भांग, राज्यांच्या अखत्यारीत येतं. म्हणून राजस्थानात, उत्तर प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. महाराष्ट्राचा १९४९चा दारूबंदी कायदा मात्र पानांनाही मादक पदार्थांत धरतो.

कायदेशीर वाट आहे, पण ती आयुर्वेदातून जाते. भांग औषधी नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात, म्हणजे आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. त्यामुळे परवानाधारक उत्पादकाच्या बाटलीवर बहुधा ‘विजया’ असं भांगेचं आयुर्वेदिक नाव, आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना क्रमांक आणि ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना असते. ती सूचना कायद्यानेच सक्तीची आहे. ‘कुणीही घ्या, कितीही घ्या’ या जाहिरातीशी तिचा मेळ कसा बसतो, हे विक्रेत्यांना विचारायला हवं.

एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२१मध्ये मान्यता दिली ती हेम्पच्या बिया, बियांचं तेल आणि पीठ यांना. बियांच्या तेलात सीबीडी जवळपास नसतंच. सीबीडी तेलाला खाद्य म्हणून परवानगी, हा निष्कर्ष पदरचा.

संयुक्त राष्ट्रांचा मुद्दा अर्धाच सांगितला जातो. २ डिसेंबर २०२० रोजी व्हिएन्नात २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा १९६१च्या अमली पदार्थविषयक कराराच्या चौथ्या परिशिष्टातून, म्हणजे सर्वांत कडक यादीतून, निघाला. भारतानेही बाजूने मत दिलं. पण पहिल्या परिशिष्टात, म्हणजे नियंत्रित पदार्थांच्या यादीत, तो आहे तसाच राहिला. आणि ०.२ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेलं सीबीडी नियंत्रणाबाहेर ठेवावं, हा प्रस्ताव त्याच बैठकीत फेटाळला गेला.

पत्रकारांबद्दलची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधीच ‘गांजाच्या तेलाचा साठा जप्त’ असा मथळा देणं म्हणजे आरोपीला आपणच शिक्षा सुनावणं. झाडाचा कोणता भाग, परवाना कुणाचा, तपासणी कुठे झाली, इतकं विचारूनच बातमी लिहावी. नुसत्या लेबलावर जाऊ नये. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ उत्पादनांची तपासणी २०१७मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात ३१ टक्क्यांवरच सीबीडीचं प्रमाण बरोबर छापलेलं निघालं. १८ उत्पादनांत टीएचसीही सापडलं. घाबरवणाऱ्या बातमीइतकीच, कर्करोग आणि मधुमेह बरा होतो असं सांगून शेवटी सवलतीचा कोड देणारी ‘बातमी’ही तपासायला हवी. अशा जाहिरातींवर १९५४च्या कायद्याने बंदी आहे.