आकडा सुधारला म्हणजे तो खोटा होता?

‘सरकारी आकडे दोन महिन्यांत बदलतात, म्हणजे ते मुळात रचलेलेच. मग खात्याच्या प्रमुखाला घरी बसवलं तर बिघडलं कुठे?’ १ ऑगस्ट २०२५ पासून हा युक्तिवाद फार फिरतो आहे. त्या दिवशी अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाने मे आणि जूनच्या नव्या रोजगारांचा अंदाज मिळून २ लाख ५८ हजारांनी खाली आणला. काही तासांतच अध्यक्ष ट्रम्प यांनी या विभागाच्या प्रमुख, आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना काढून टाकलं. हा युक्तिवाद नुसता चुकीचा नाही, घातक आहे.

‘बदलतात म्हणजे रचलेले.’ रोजगाराचा हा अंदाज ज्या मासिक पाहणीतून निघतो, ती सुमारे १ लाख २१ हजार आस्थापनांकडून माहिती मागवते. पहिला अंदाज द्यायची वेळ येते तेव्हा कित्येकांची उत्तरं यायचीच असतात. ती येतील तसा अंदाज पुढे दोनदा सुधारतात आणि वर्षातून एकदा बेरोजगारी विम्याच्या करनोंदींशी ताडून पाहतात. सगळं ठरलेल्या वेळापत्रकाने आणि उघडपणे. राहिला प्रश्न आयुक्तांचा. ट्रम्प यांनीच नेमलेले माजी आयुक्त विल्यम बीच यांनी स्पष्ट सांगितलं आहे की आकडे पूर्ण तयार होईपर्यंत आयुक्तांना ते दिसतही नाहीत.

रचलेले आकडे पाहायचे तर अर्जेंटिनाचे पाहा. २००७ मध्ये सरकारने ‘इंडेक’ या सांख्यिकी संस्थेत हात घातला आणि महागाई निर्देशांकाचं काम पाहणाऱ्या ग्रासिएला बेवाक्वा यांना हटवलं. पुढे सरकारी महागाई १० टक्क्यांच्या आसपास राहिली, खासगी अंदाज मात्र त्याच्या दुपटीच्या वर. वेगळा आकडा काढणाऱ्या अर्थतज्ज्ञांना २०११ मध्ये दंड झाले. महागाईशी जोडलेले रोखे ज्यांनी घेतले, त्यांच्या हातात हक्काहून कमी पैसे पडले. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जाहीर ठपका ठेवला.

‘खातं सरकारचं, तर प्रमुखही सरकारच्या मर्जीचा.’ हे मला सर्वांत जास्त खटकतं. ग्रीसच्या सांख्यिकी संस्थेचे प्रमुख आंद्रेआस येओर्गिऊ यांनी २०१० मध्ये आधीच्या वर्षाची वित्तीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) १५.४ टक्के असल्याचं दाखवलं. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने, युरोस्टॅटने, ती मान्य केली. तरी त्यांच्यामागे खटल्यांचं शुक्लकाष्ठ लागलं. २०१८ मध्ये कायम झालेली शिक्षा कशासाठी होती? आकडे युरोस्टॅटला पाठवण्याआधी त्यांनी संस्थेच्या मंडळाची मंजुरी घेतली नाही म्हणून! तूट किती, हे काय हात वर करून ठरवायचं?

‘खासगी आकडे आहेतच की.’ आहेत. पण त्यांनाही नमुना निवडायला जनगणनेसारख्या सरकारी नोंदींचाच आधार लागतो.

संशय जरूर घ्यावा, पण नेमका. मोजणीची पद्धत छापली आहे का? प्रसिद्धीची तारीख आधी ठरली होती का? आकडा आधी कोणाला दाखवला? ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जुलै २०१७ पासून मंत्र्यांना आकडे आगाऊ दाखवणं बंद केलं. अमेरिकेत रोजगाराचा आकडा अध्यक्षांपर्यंत अजूनही आदल्या दिवशी पोचतो. आक्षेप घ्यायचा तर तो यावर घ्या.