पाव औंस की अर्धा, आणि आईचा तोळा

शुक्रवारी रात्री जेवणं उरकली की मी टेबलावर जे काही करतो त्याला बायको मासेमारी म्हणत नाही, हिशेब लिहिणं म्हणते. म्हणजे टेबलावर जिगहेड मांडलेले असतात, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गळाच्या डोक्याला शिशाचा गोळा ओतलेला असतो तो जिगहेड, त्यावर रबराची मासळी ओवायची म्हणजे सॉफ्ट प्लास्टिक तयार. तर साडेतीन ग्रॅम, सात, साडेदहा, चौदा, एकवीस अशा ढिगाऱ्या करून मी बसतो आणि उद्या यातलं काय लागेल ते ठरवतो. ठरत काहीच नाही. शेवटी सगळंच डब्यात भरतो आणि डबा इतका जड होतो की नांगर वेगळा न्यायची गरज नाही असं तिचं मत आहे.

हे सगळं एका माशासाठी, डस्की फ्लॅटहेड. आम्ही ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राहतो आणि इथल्या खाड्यांत याचं इतकं वेड आहे की गोल्ड कोस्टला दरवर्षी त्याची मोठी स्पर्धा भरते, लोक तो धरतात, मोजतात, फोटो काढतात आणि परत सोडून देतात. चपटं रुंद डोकं, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, अंगावर वाळू ओढून प्रवाहाकडे तोंड करून पडून राहायचं आणि वरून काय वाहत येतंय ते बघत बसायचं. उगाच धावाधाव नाही, समोर आलं तर खाणार. मीटरच्या वर वाढतो, आणि मोठे म्हणजे जवळजवळ सगळ्या माद्याच, त्यामुळे मोठा फ्लॅटहेड धरायला चाललो असं कोणी म्हणालं की समजायचं बाई शोधायला चाललाय. (हे वाक्य घरात बोलायचं नाही.)

आता वजनाचा घोळ काय आहे ते ऐका. मासा तळाला, म्हणजे लूर (जिगहेड आणि रबराची मासळी मिळून जे आमिष होतं ते) तळाला टेकलाच पाहिजे. पण ती बया चावते कधी, तर लूर उचलून सोडला की तो खाली येत असताना. म्हणजे तो जितका हळू खाली येईल तितका जास्त वेळ तिच्या डोळ्यांसमोर, म्हणून हलका पाहिजे. पण हलका टाकला की ओहोटीचं पाणी त्याला अधांतरी घेऊन जातं, तळ लागतच नाही, तुम्ही आपले मन लावून पाण्याला व्यायाम देत बसता. आणि जड टाकला तर दगडासारखा जाऊन बसतो, शेवाळ घेऊन वर येतो. म्हणून सगळे जाणते लोक एकच नियम सांगतात, तळ लागेल असं सगळ्यात हलकं वजन. ऐकायला किती सोपं! पण तळ लागणं हे खोलीवर, पाण्याच्या ओढीवर, वाऱ्यावर, दोरीच्या जाडीवर आणि होडी नांगरलीय की वाहतेय यावर अवलंबून. वाहती असेल तर होडी आणि लूर दोघंही पाण्याबरोबरच चालतात, म्हणून जिथे नांगरून चौदा ग्रॅम लागतात तिथे वाहत्या होडीतून सातात भागतं. आणि हे सगळं तासातासाला बदलतं, कारण ओहोटीची ओढ काही आपल्यासाठी एकसारखी राहत नाही.

त्यात मापं. शेजारचे आजोबा, ज्यांच्या ॲल्युमिनियमच्या छोट्या होडीतून, म्हणजे इथल्या भाषेत टिनीतून आम्ही जातो, ते औंसात बोलतात. एक अष्टमांश, पाव, तीन अष्टमांश, अर्धा. पाकिटावर कधी औंस कधी ग्रॅम, शिवाय गळाचा नंबर वेगळाच, आणि पाव औंसाचा चार-शून्य नंबरचा गळ पाहिजे असेल तर दुकानात नेमका पाव औंसाचा दोन-शून्य असतो. माझ्या आजोबांना पावकी-निमकी तोंडपाठ होती, ते इथे असते तर त्यांचं सोनं झालं असतं.

सोन्यावरून आठवलं, सध्या आई आलीय सहा महिन्यांसाठी. आई रेवदंड्याची, खाडीच्या काठावर वाढलेली, तिच्यासमोर मी जिगहेड मांडून बसायचं म्हणजे परीक्षाच. एक सात ग्रॅमचा तिने तळहातावर घेतला, दोनदा वरखाली केला, आणि म्हणाली,
"पाऊण तोळ्याला जरा कमी."
मी वजनकाट्यावर ठेवून पाहिला. सहा पॉइंट नऊ.
"कितीला?"
मी डॉलरमध्ये सांगितलं, तिने मनातल्या मनात पंचावन्नने गुणलं आणि तो परत टेबलावर ठेवला, कानातलं ठेवावं तसा, जपून.
"आणि हा पाण्यात टाकायचा? आणि तुटला तर?"
तुटतोच. खडकात, ऑयस्टरमध्ये, बुडालेल्या झाडात. आईला हे सांगितलं नाही.

वजन ठरलं तरी जागा राहतेच. आम्ही जातो जंपिनपिनला, उत्तर आणि दक्षिण स्ट्रॅडब्रोक या बेटांच्या मधल्या तोंडापाशी. हे पूर्वी एकच बेट होतं, 1896 साली समुद्राने मधली वाळूची पट्टी फोडली आणि दोन झाली, तेव्हापासून तिथून पाणी असं आत-बाहेर करतं की वाळूचे दांडे जागा बदलत राहतात आणि गेल्या वर्षीची हमखास जागा यंदा कोरडी असते. शेजारच्या आजोबांचं म्हणणं, ओहोटीचे शेवटचे दोन तास धरायचे. उथळ दांड्यावरचं पाणी उतरायला लागलं की तिथली छोटी मासळी आणि कोळंबी पाण्याबरोबर खोलात घसरते, आणि जिथे मीटरभर पाणी एकदम तीन-चार मीटर होतं त्या कडेखाली बाईसाहेब टपून बसलेल्या असतात. लूर वरच्या बाजूला फेकायचा, प्रवाहाबरोबर तिच्याकडे आणायचा, कारण तोंड तिकडे आहे, खालून वर ओढत आणला तर शेपटीकडून येणार, आणि मागून येणारं जेवण कोणालाच आवडत नाही. फिशफाइंडरवर, म्हणजे होडीखालचं पाणी दाखवणाऱ्या पडद्यावर, कड दिसते, वरची मासळी दिसते, वाळूत पुरलेली ती दिसत नाही. म्हणजे पैसे घालून जे दिसतं ते आम्हाला नकोय.

भरती-ओहोटीच्या वेळा ॲपवर असतात, पण आईला ॲप नको. तिचा हिशेब तिथीचा, तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ, अख्ख्या कोकणात चालतो. तिने फोनवर पंचांग काढलं, गुणलं, आणि ॲप चुकीचं आहे असा निकाल दिला. मी म्हटलं, आई, इथला किनारा वेगळा, त्यातून समुद्राच्या तोंडाशी एक वेळ आणि आत खाडीत त्याच्या बऱ्याच नंतर. ती म्हणाली, उधाण आहे की भांग, म्हणजे भरती मोठी की छोटी, एवढं तरी बरोबर ना? ते बरोबर होतं. आणि उधाण म्हणजे ओढ जास्त, ओढ जास्त म्हणजे वजन जास्त. माझ्या डब्यावर बोट ठेवून म्हणाली, "ते दीड तोळ्यावाले घे."

तर आईसुद्धा आली होडीत. पंजाबी ड्रेस, त्यावर लाइफजॅकेट, डोक्याला रुमाल. आजोबा तिला इंग्रजीत वारा समजावत होते आणि ती त्यांना मराठीत, आणि दोघांचं एकमत होतं असं दिसत होतं.

मी सातने सुरुवात केली. तळ नाही. साडेदहा लावला, तळ लागतोय असं वाटायचं आणि नसायचा. तळ लागणं म्हणजे काय ते जवळून सांगतो: लूर खाली जाताना दोरी ताणलेली असते, टेकला की दोरीत एकदम जीव जातो, ती ढिली होऊन पाण्यावर वळसा घेते. तो वळसा बघायचा, बाकी सगळं सोडून. चौदा लावला, दोरी गेली, गेली, आणि पडली. दोनदा उचल, सोड. दोनदा उचल, सोड. चौथ्या-पाचव्या वेळी सोडल्यावर दोरी ढिली व्हायच्या आधीच टक् झालं, आणि पुढे जे हाताला लागलं ते शेवाळाचं ओझंच वाटलं. मग ओझ्याने मान हलवली.

फ्लॅटहेड उडीबिडी मारत नाही, नुसती मान झटकते, आणि दात बारीक असले तरी दर झटक्याला लीडरवर, म्हणजे गळाजवळच्या जाड दोरीवर, कानशीसारखे घासतात. आजोबा ओरडत होते की डोकं पाण्याबाहेर काढू नकोस, बाहेर आलं की तोंड उघडून झटका देते आणि गळ सुटतो. आई ओरडत होती "ओढ रे, ओढ!" दोन भाषांत दोन विरुद्ध हुकूम. शेवटी आजोबांनी जाळी खाली घातली आणि ती आत आली, तपकिरी ठिपक्यांची, तोंड एवढं की माझी मूठ जाईल. गालाच्या काट्यांपाशी हात न्यायचा नाही, नेला तर आठवडाभर बोट ठणकतं. ओल्या मोजपट्टीवर ठेवली. चौऱ्याऐंशी सेंटिमीटर.

आई तोवर मनात वाटण लावून मोकळी झाली होती. शेपटीकडचा भाग तळायचा, डोक्याचं कालवण, कोकम घरात आहे. मी मासळी उचलून, पोटाखाली हात देऊन पाण्यात धरली, दोनचार वेळा कल्ले हलले आणि ती गेली.

होडीत जी शांतता पसरली ती मी लग्नाच्या बोलणीत एकदाच अनुभवली होती.

"हात निसटला?" आईने अजून संशयाचा फायदा दिला.

मग मी कायदा सांगितला. क्वीन्सलँडमध्ये, म्हणजे आमच्या राज्यात, चाळीस सेंटिमीटरच्या आतला सोडायचा आणि पंच्याहत्तरच्या वरचाही सोडायचा, कारण मोठी मादी लाखोंनी अंडी घालते, तिला खाल्लं की पुढची पिढीच खाल्ली. मधल्या मापाचे पाच नेता येतात.

"म्हणजे हा डबा, ती शिशाची कानातली, पहाटे चारचा गजर, हे सगळं घरी आणता येणार नाही असा मासा धरायला?"

याला मला कधीच उत्तर सुचलेलं नाही. लोक सांगतात त्यात थरार असतो वगैरे, पण रेवदंड्याच्या बाईला थरार वाढून कसा देणार?

"मग साठ-पासष्टचा धर ना," आई म्हणाली, जणू काउंटरवर मापं लिहिलीयत.

आजोबांना मी हे भाषांतर करून सांगितलं तर ते गंभीर झाले. म्हणाले, बरोबर आहे तिचं, जेवणाचे मासे इथे नाहीत, दांड्याच्या वर शेवाळाच्या कडेला गुडघाभर पाण्यात, तीन इंची प्लास्टिक आणि एक षष्ठांश औंस. एक षष्ठांश! माझ्या एवढ्या ढिगाऱ्यांत तोच नव्हता. येताना दुकानात थांबलो, पाकिटावर लिहिलं होतं चार पॉइंट सात ग्रॅम, किंमत बघून मी पाकीट परत खुंटीला अडकवणार तेवढ्यात आईने ते काढून घेतलं, हातात जोखलं आणि म्हणाली,

"अर्ध्या तोळ्याला जरा कमी आहे, पण चालेल. दोन पाकिटं घे."