काका, घरचं प्रेम कमी पडलं असं मी म्हटलेलं नाही

काका, नमस्कार.

माझ्यासारखाच सांध्यांचा आजार असलेल्या आम्ही काही जणी रविवारी पुण्याच्या सारसबागेत भेटून बोलतो, त्याबद्दल मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीन दिवस मनात घोळत होती. घरच्यांशी जे बोलता येत नाही ते सारसबागेत जाऊन परक्या बायकांशी बोलायचं, ही घरच्यांची नालस्ती आहे, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या आईंनी गुडघेदुखी जन्मभर मुकाट्याने सोसली आणि वारकरी पायाला फोड आले तरी कुरकुरत नाहीत, हेही लिहिलंत. चार आजारी माणसं एकत्र आली की नुसतं रडगाणं होतं, असंही.

आईंचं सोसणं मी कमी लेखत नाही. पण वयाबरोबर होणारी गुडघ्यांची झीज वेगळी आणि माझा आजार वेगळा. मला आहे तो रुमेटॉइड आर्थ्रायटिस, आपल्याकडे आमवात म्हणतात तो. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा दोन-तीन पट जास्त होतो, आणि बऱ्याचदा ऐन उमेदीत. मला कळलं तेव्हा मी ३६ वर्षांची होते, मुलगी दुसरीत. अजूनही वाईट दिवस असला की सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही. दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येत नाही, कुकरचं झाकण निघत नाही. दहाच्या सुमाराला हात जरा चालायला लागतात आणि मग भेटेल तो म्हणतो, "छान दिसतेस की!"

पहिली तीन वर्षं मी घरी सगळं सांगत होते. आज मनगट, आज खांदा. नवरा रात्री उठून मोबाइलवर या आजाराचं वाचत बसायचा. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी माझ्या बोटांकडे बघायची. हळूहळू मी "बरं आहे" म्हणायला लागले. त्यांचं प्रेम होतं म्हणूनच, काका. माझं दुखणं सांगितलं की त्यांचं सुरू व्हायचं, आणि मग त्यांना सावरायचं काम पुन्हा माझ्याकडेच यायचं.

सारसबागेत कुणाला सावरावं लागत नाही. पहिल्याच रविवारी एकीने मला विचारलं, "सकाळी टूथपेस्ट कशी काढतेस गं?" मला रडूच फुटलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारणार तरी कसं? ती स्वतः ट्यूब ओट्यावर ठेवून कोपराने दाबते. तेव्हापासून मीही.

रडगाणं म्हणालात. रडतो आम्ही, खरं आहे. पण त्याच गप्पांत एकदा निघालं, की नव्याने आलेल्या एका ताईंच्या रोजच्या गोळ्यांच्या डबीत मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी सातही दिवस भरली जात होती. आमच्यातल्या बहुतेकींना ही गोळी आहे आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. त्यांना तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन करायला लावला. कुणी कुणाचं औषध बदलायचं नाही, हा आमचा कडक नियम आहे. ते डॉक्टरांचं काम. सततच्या दुखण्याने मनही खचतं. एकीला जगणंच नकोसं झालं होतं. तिने आमच्या शेजारी बसून १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर लावला. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या ओळखीत कुणाला लागला तर जरूर द्या.

आता वारकरी. आजाराआधी मी दर वर्षी सासूबाईंबरोबर भवानी पेठेत, माउलींच्या पालखीच्या मुक्कामाला, वारकरी बायकांचे पाय चेपायला जायचे. त्या बोलतात, काका. फोड कुठे आलाय, कुठल्या चपलेने आलाय, दिवेघाट कसा चढायचा, सगळं एकमेकींत मोकळेपणाने चाललेलं असतं. गावाहून मुलाचा फोन आला की मात्र "बरं चाललंय, काळजी करू नको." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि आज त्या बायका मला तेव्हापेक्षा कितीतरी जास्त कळतात.

एक गोष्ट मात्र तुमची शंभर टक्के खरी. लेखात माझ्या नवऱ्याची बाजू नव्हती, आणि ती चूक माझी. तुमची प्रतिक्रिया मी त्याला वाचून दाखवली. बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "तू बरं आहे म्हणतेस ते खरं नसतं, हे मला कळायचं. पण पुन्हा विचारलं असतं तर तुला पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं, म्हणून विचारत नव्हतो."

हे त्याचं बोलणं, त्याला विचारून, मी आज मूळ लेखात घातलंय. पूर्वी रविवारी तो मला फाटकाशी सोडून परत जायचा. या रविवारी गेला नाही. आणखी दोघींचे नवरे आले होते, ते तिघं तळ्यातल्या गणपतीच्या बाजूला वेगळे बसले. काय बोलले ते मी विचारलेलं नाही.