दुसऱ्या रायफलीचा हिशेब

गेल्या रविवारी पुण्याहून भाच्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, रायफल बनवणं हे आपलं कामच नाही. तयार घ्यावी आणि मोकळं व्हावं. नाहीतरी तुझ्या घराजवळच बनतात की!"

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. चीड त्याच्या मताची नाही, मतं असावीत. चीड येते ती "आपलं कामच नाही" या शब्दांची, आणि ते किती सहज तोंडातून बाहेर पडले त्याची.

त्याचं म्हणणं असं. इन्सास, आपल्या सैन्याची देशात बनलेली रायफल, फसली. कारगिलच्या थंडीत तिच्या मॅगझिनला तडे गेले, हे जगजाहीर आहे. मग २०१९ मध्ये सैन्याने अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या, म्हणजे मी राहतो तिथल्याच, एका कंपनीकडून ७२,४०० सिग ७१६ रायफली घेतल्या, सुमारे ७०० कोटींना. २०२४ मध्ये आणखी ७३,००० मागवल्या. उलट अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ या रशियन बनावटीच्या रायफलीचा कारखाना मार्च २०१९ मध्ये वाजतगाजत सुरू झाला, पण सहा लाख रायफलींचा करार व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला आणि पहिल्या ३५,००० हातात पडेपर्यंत २०२४ साल आलं. "यात शहाणपण कुठलं?" असा त्याचा सवाल.

उशीर झाला हे खरंच. पण हिशेब मांडायचा तर पुरता मांडावा. २०१९ ची सिग पडली साधारण ९७ हजारांना. २०२४ ची ऑर्डर ८३७ कोटींची, म्हणजे नग १ लाख १५ हजारांच्या घरात. रायफल तीच, आणि डॉलरमध्ये किंमतही जवळपास तीच. पहिल्या वेळी डॉलर ७१ रुपयांच्या आसपास होता, दुसऱ्या वेळी ८४ च्या. वरचे अठरा हजार आपण रायफलीचे मोजलेच नाहीत, रुपया घसरल्याचे मोजले. एके-२०३ चा करार पाच हजार कोटींच्या थोडा वर, म्हणजे नगामागे ८५ हजारांच्या आसपास, आणि त्यात बनवण्याचं ज्ञानही आलं. हे भाच्याला सांगितलं तर म्हणतो, "पण मिळाली उशिरा ना?"

माझा शेजारी निवृत्त प्लंबर आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने तळघरात स्वतःची एआर-१५ रायफल सुट्या भागांतून जुळवली. लोअर रिसीव्हर, म्हणजे घोडा ज्यात बसतो तो खालचा सांगाडा, साठ डॉलरला, जवळच्या डोव्हर गावच्या दुकानातून, बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म रीतसर भरून. बाकीचे सुटे भाग टपालाने दारात. एकदा मी कॉफी घेऊन खाली गेलो तर हे गृहस्थ गुडघ्यांवर बसून, हातात टॉर्च, भट्टीखाली काहीतरी शोधत होते. तांदळाच्या दाण्याएवढी खीळ स्प्रिंगने उडाली होती. अर्धा तास आम्ही दोघांनी शोधली. सापडली ती त्याच्या स्वेटरच्या घडीत.

त्याने प्रत्येक पावती डब्यात ठेवली होती. (इथली ही सवय मला मनापासून आवडते. आपल्याकडे सरकारसुद्धा पावत्या अशा ठेवत नाही.) सुटे भाग ६४० डॉलर, आणि पाने, पकड, टॉर्क रेंच मिळून १६० च्या वर. दुकानात तयार रायफल साडेपाचशेला टांगलेली. मी म्हटलं, "मग मिळवलंस काय?" तो म्हणाला, "पहिली नेहमीच महाग पडते."

गेल्या हिवाळ्यात मुलीसाठी त्याने दुसरी जुळवली. अवजारं होतीच. कुठला भाग चांगला, कुठला नुसता महाग, हे कळलेलं होतं. एका दुपारचं काम झालं, आणि तयार रायफलीहून पैसे कमी लागले. शिवाय मधल्या काळात पहिली अडकू लागली होती ती त्याने स्वतःच उघडून नीट केली, दुकानाची पायरी चढला नाही.

मला भाच्याला हेच सांगायचंय. आपण दुसऱ्या रायफलीपर्यंत पोचतच नाही. इन्सासचा आराखडा पुण्यात पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेत झाला. पहिल्या पिढीची रायफल, दोष निघणारच. ते एकेक करून काढत बसायचं, वर्षानुवर्षं, तीच माणसं, तेच टेबल. आपण मात्र दोष दिसला की टेबलच उलटं करतो. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ७.६२ मिलिमीटरची रायफल २०१७ च्या चाचणीत नापास झाली, मग सिग आली. २०२४ मध्ये त्याच एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर ७.६२ ची 'उग्रम' पुढे आणली. आता तिच्यातही काही निघेल. तेव्हा आपण काय करणार, यावर सगळं आहे.

आणि रायफल बदलली की काडतूस बदलतं, हे टीव्हीवर बोलणाऱ्यांच्या गावीही नसतं. मी वरणगावचा. वडील तिथल्या आयुध निर्माणीत, इन्सासच्या ५.५६ काडतुसांवर. पितळेची जाडजूड वाटी पुन्हा पुन्हा ओढून, मध्ये मध्ये तापवून नरम करून तिची पुंगळी होते. वडिलांचं काम गेजचं, म्हणजे माप तपासायच्या दुतोंडी साधनाचं. एक तोंड आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. संध्याकाळी भोंगा झाला की इस्टेटच्या रस्त्यावर सायकलींची रांग लागायची, आणि वडिलांच्या हातांना पितळाचा वास असायचा, साबणाने न जाणारा. ९९ च्या उन्हाळ्यात ते रात्री उशिरा यायचे. जेवताना म्हणायचे, "वर पोरं उभी आहेत, आपल्याकडून नग परत जाता कामा नये." मॅगझिनच्या तड्यांच्या बातम्या आल्या तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. मॅगझिन त्यांच्या हातचं नव्हतं, तरी.

ज्या माणसांनी हे केलं त्यांना "तुमचं कामच नाही" म्हणणाऱ्याचा मला राग येतो. परदेशात राहून मला बोलायचा हक्क नाही, असंही वर ऐकवलं जातं. ते मी मानत नाही. लांबून काही गोष्टी स्पष्ट दिसतात. सकाळी पूल ओलांडून न्यूइंग्टनवरून कामाला जाताना मला सिग बनवणाऱ्या त्या कंपनीचा फाटा दिसतो. तिथली माणसं आकाशातून पडलेली नाहीत. तीही दोष काढत काढतच शिकली.

हे सगळं मी भाच्याला पाऊण तास सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, मग तू का नाही राहिलास?"

२००४ साली मला संरक्षण संशोधनाच्या मुलाखतीचं पत्र आलं होतं. सरकारी कॉलेजात, सरकारच्या पैशाने शिकलो होतो. त्याच महिन्यात इथल्या विद्यापीठाचंही पत्र आलं. वडिलांनी दोन्ही वाचली, घडी करून टेबलावर ठेवली आणि ड्यूटीला गेले. मी मुलाखतीला गेलोच नाही. आज मी इथे विमानाचे सुटे भाग तपासतो. गेजचंच काम. पगार डॉलरमध्ये, आणि वर ज्या रुपयाच्या घसरणीवर मी एवढा चिडलो, तिच्यामुळेच घरी पाठवलेले माझे पैसे दरवर्षी वाढलेले दिसतात.

भाच्याला पत्राचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबांना वाईट वाटलं होतं का रे?"

मी त्यांना कधी विचारलं नाही. आता ते नाहीत. त्यांचा गेज मात्र माझ्याकडे आहे, निवृत्तीच्या वेळी जुना, बाद झालेला म्हणून मागून घेतलेला. भाचा पुढच्या वर्षी इंजिनिअर होईल. डिसेंबरात येईन तेव्हा तो त्याला द्यायचा, एवढं मी फोनवर कबूल केलंय.