उजवा कौल, उणे एक

एका रविवारी इंग्रजीत ४१ गुण आले, पुढच्याच रविवारी १३. मधल्या आठवड्यात माझ्या डोक्याला काही मार वगैरे लागला नव्हता.

एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेच्या इंग्रजी विभागात सध्या २४ प्रश्न आणि ४० मिनिटं असतात. त्यातले १६ प्रश्न उताऱ्यांवर, चार उतारे, प्रत्येकी चार. उत्तर बरोबर आलं तर तीन गुण, पर्याय चुकला तर उणे एक. परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते आणि जूनपासून दर रविवारी सकाळी गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या घरात मी मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देते. देते मी, भोगतात सगळे. टीव्ही बंद, मिक्सर बंद. पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, दारात भोंपू वाजवू नये म्हणून आई त्याला वळणावरच गाठते.

गुण पहिल्यापासूनच झोके घेत होते, म्हणून मी एक वही केली. तारीख, गुण, झोप, न्याहारी, वीज गेली का. (पावसाळ्यात शेवटचा रकाना आधीच भरून ठेवता येतो.) तीन रविवारांत शोध लागला : उपीट खाल्लं की तिशीच्या वर, पातळ भाजी-पाव खाल्ला की विशीच्या आत. आईने तिथल्या तिथे भाजी-पावावर बंदी घातली. बाबांनी कसलीही परीक्षा दिलेली नसताना त्यांचीही भाजी बंद झाली. चौथ्या रविवारी उपीट खाऊन ११ आले. आई म्हणाली, "रवा जुना होता."

मग तिने कुलदेवीला कौल लावला. मूर्तीला पाकळ्या चिकटवतात, भटजी गाऱ्हाणं घालतात आणि उजवी पाकळी पडली की होकार. पडली, तीही पहिल्याच गाऱ्हाण्याला. आई सुखावली. मला मात्र देवीचा हेवा वाटला. तिला विचारायचं ते 'होय की नाही' एवढंच. चार पर्याय, त्यातले दोन उघड चुकीचे, उरलेले दोन जुळे भाऊ, आणि त्यातला लेखकाला 'सर्वाधिक' मान्य कोणता, असं तिला कुणी विचारत नाही. शिवाय पाकळी डावी पडली तरी तिचे गुण कापत नाहीत.

पुढच्या रविवारी १७.

त्या १३ च्या दिवशी तर घात घरच्याच विषयाने केला. पहिला उतारा ऑक्टोपसच्या बुद्धीवर होता, तो मी मुकाट्याने वाचला. दुसरा उघडला, तर पोर्तुगिजांचा कार्ताझ! समुद्रात व्यापार करायचा तर जहाजाने त्यांचा परवाना घ्यायचा, नाहीतर माल जप्त. मी पदर खोचल्यासारखी ओढणी बांधली. १५१० साली आल्बुकेर्क कुणाच्या दारात आला होता? १९ डिसेंबर १९६१ ला कोण सुटलं? हा विषय मी आजीच्या मांडीवर बसून शिकले आहे! अर्धाच उतारा वाचून चारही उत्तरं ठोकली आणि चारही चुकली. लेखकाचं म्हणणं असं होतं की कागदावर कडक दिसणारी ही पद्धत प्रत्यक्षात गळकी होती, व्यापारी तिला बगल देत आणि काही अधिकारीच त्यांना सामील असत. मी मात्र आजीच्या बाजूने लढले होते. ऑक्टोपसचे चारच्या चार बरोबर आले. ऑक्टोपसबद्दल आमच्या घरात कुणाचंच काही मत नाही.

रात्री हिशेब मांडला. एक उतारा पूर्ण जमला तर १२, पूर्ण फसला तर उणे ४. म्हणजे एकेका उताऱ्यामागे १६ गुणांचा झोका. ४१ आणि १३ मधलं अंतर २८, म्हणजे दोन उताऱ्यांचीही बात नाही. अक्कल जागच्या जागी होती, उतारे तेवढे बदलले होते. आईला हे पटलं नाही. रव्याचं पटलं होतं.

बाबांना मात्र लगेच पटलं. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी बाजारात जातात. म्हणाले, "काल बांगडे शंभराला आठ होते, आज चार. म्हणून बांगडा काय ढ झाला?" एवढं बोलून थांबले असते तर बरं होतं. पण त्यांनी माझी वही ओढली, पट्टी घेऊन नवा रकाना आखला आणि आठवून आठवून दर रविवारचा बांगड्याचा दर भरला. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी, म्हणून त्या रविवारांपुढे प्रामाणिकपणे 'सुकं' असं लिहिलं. ४१ पुढे शंभराला आठ. १३ पुढे चार.

मी हसले. योगायोग काय असतो हे त्यांना दहा मिनिटं समजावून सांगितलं.

आज रविवार. बाबा पिशवी घेऊन आत आले तेव्हा मी लॅपटॉप उघडून बसले होते. सहज विचारलं, "कितले?"

"शंभराक चार."

लॅपटॉप मिटला. मॉक संध्याकाळी देते. संध्याकाळी दर उतरतो.